शिट्टी अर्धा सेकंद उशिरा

फलटणच्या मैदानावर हणमंतराव भोईट्यांची शिट्टी वाजली की वाद तिथेच मेला, असा बेचाळीस वर्षांचा रिवाज होता. आता बाकी सगळीकडे खो-खोची पंचगिरी कॅमेरे करायला लागले होते. मैदानाच्या चार कोपऱ्यांत चार खांब, खांबांवर डोळे, आणि कुणी बाद झालं की एक बाई यंत्रातून इतक्या गोड आवाजात सांगायची, "खेळाडू क्रमांक सात, आपण बाद आहात," की बाद होणाऱ्यालाच लाज वाटावी. फलटणच्या तालुका चषकाला मात्र लोकांनी अजून कॅमेरा लावू दिला नव्हता. "आमच्याकडे भोईटे आबा आहेत," एवढंच उत्तर.

आणि ते खरंच होतं. शिट्टी गळ्यात अडकवली की आबांना आपलं-परकं दिसायचंच नाही. आमदारांच्या पुतणीला त्यांनी पहिल्याच मिनिटात बाद दिलं होतं. स्वतःच्या मुलाला, म्हणजे नात शिवन्याच्या बाबांना, शालेय स्पर्धेत बाद दिलं होतं आणि मग त्यालाच मागे बसवून स्कूटरवरून घरी आणलं होतं. पण सगळ्यात गाजलेली गोष्ट आजीची.

शहाण्णव सालची. सोमवारी आबांनी रंजना नावाच्या मुलीला बघितलं, पोहे खाल्ले, पसंती कळवली, मंगळवारी सुपारी फुटली. रविवारी तालुक्याचा सामना. पंच आबा, आणि एका संघाची कर्णधार तीच रंजना. आबांनी तिला एका डावात तीन फाउल दिले. तीन! होणाऱ्या बायकोला! अख्खं मैदान "अरे, अरे" करत होतं आणि आबा खांबासारखे उभे. तिकडे रंजनाचे वडील डोळे पुसत म्हणाले, "असा सरळ माणूस दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. पोरी, तू नशीब काढलंस."

ही गोष्ट शिवन्याने पंधरा वर्षांत निदान दोनशे वेळा ऐकली होती. ती स्वतः आता नववीत होती, शाळेच्या संघात पळती करायची, आणि मागच्या वर्षापर्यंत वर्गात हात वर करायला घाबरणारी हीच ती मुलगी, हे आता कुणाला सांगूनही पटलं नसतं. सलग साडेतीन मिनिटं कुणाच्या हाताला न लागता पळलं की माणसात असा बदल होतो.

तर, या सगळ्या थोर परंपरेला सुरुंग लागला तो आबांच्या डोकेदुखीमुळे.

डोकं दुखायचं आणि डाव्या बाजूला काजवे चमकल्यासारखे दिसायचे. बाबांनी पुण्याला नेलं. आई-बाबांची डेअरी असल्यामुळे पुढच्या सगळ्या वाऱ्या शिवन्या आणि आजीच्या वाट्याला आल्या. डॉक्टर मुजावर मॅडमनी आबांच्या मेंदूचं चित्र पडद्यावर लावलं. उजवीकडे, मागच्या बाजूला, खालच्या अंगाला रक्तवाहिन्यांचा एक गुंता होता. अगदी आजीच्या लोकरीच्या पिशवीत मांजर शिरल्यावर होतो तसा.

"हा जन्मापासूनचा आहे," मॅडम म्हणाल्या. "तुमच्याकडे कालवा आहे ना, नीरेचा?"

"आहे की," आबा म्हणाले.

"मग सोपं आहे. शुद्ध रक्ताची वाहिनी म्हणजे कालवा. त्याला पुढे बारीक बारीक पाट फुटतात, पाणी शेतात मुरतं, आणि मग उरलेलं ओढ्याने परत जातं. तुमच्या या गुंत्यात काय झालंय, कालवा थेट ओढ्यालाच जोडलाय. मध्ये पाटच नाहीत. सगळं पाणी धो धो ओढ्यात. शेजारची शेतं कोरडी."

"म्हणजे टेलच्या गावासारखं," आबा गंभीरपणे म्हणाले. कालव्याच्या शेवटी, पाणी पोचतच नाही अशा टेलच्या गावाचं दुःख त्यांना चांगलं माहीत होतं, आजीचं माहेर टेललाच होतं.

"बरोब्बर. आणि शिवाय इतक्या जोराचं पाणी त्या पातळ भिंतींना झेपत नाही. एखाद्या दिवशी फुटेल. म्हणून तो बुजवायचा."

बुजवायचा कसा, तर किरणांनी. कवटी उघडायची नाही, टाका नाही. जवळजवळ दोनशे बारीक किरण दोनशे दिशांनी आत सोडायचे. एकेकटा किरण इतका दुबळा, की वाटेतल्या मेंदूला ओरखडासुद्धा यायचा नाही. पण सगळे एकाच बिंदूवर भेटतात, आणि तिथे मात्र त्यांची ताकद एक होते. मग त्या वाहिन्यांची आतली भिंत हळूहळू सुजत, जाड होत जाते आणि वाहिनी आतून बंद पडते. पूर्वी याला दोन-तीन वर्षं लागायची. आता आधी एक इंजेक्शन देतात, त्यामुळे काम दीड महिन्यात होतं. फक्त गुंता मोठा असल्यामुळे निम्मा आधी, निम्मा दोन महिन्यांनी. एकदम सगळा बंद केला तर इतकी वर्षं कोरड्या असलेल्या शेतात पूर यायचा.

"आणि ही कोरडी शेतं म्हणजे मेंदूचा कुठला भाग?" शिवन्याने विचारलं. तिला हे सगळं जाम आवडलं होतं.

मॅडमनी आबांसमोर एकेक फोटो धरायला सुरुवात केली. फक्त चेहरे. केस झाकलेले, कपडे नाहीत, काही नाही.

"हे कोण?"

"माहीत नाही."

ते बाबा होते.

"या?"

आबांनी चष्मा पुसला. "कोण बाई आहेत या? जरा रागीट वाटतात."

फोटोतल्या बाई शेजारच्याच खुर्चीत बसल्या होत्या आणि आता फोटोपेक्षा पुष्कळच रागीट दिसत होत्या.

"चेहरे ओळखण्याची जागा तिथेच, त्या गुंत्याला खेटून असते," मॅडम हळूच म्हणाल्या. "आबा, तुम्हाला चेहरे कधीच ओळखता आले नसणार."

"चेहरे कशाला ओळखायचे?" आबांना खरोखरच प्रश्न पडला होता. "माणूस चालीवरून ओळखायचा. आवाजावरून. ही आली की बांगड्या वाजतात. आपली शिवी आली की दार आपटतं. मला वाटायचं, सगळेच असं करतात."

"अहो," आजी म्हणाली. हे 'अहो' शिवन्याने पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. "मैदानात बांगड्या काढून खेळतात."

"हो. मग?"

"सगळ्यांचे कपडे सारखे."

"हो."

"म्हणजे शहाण्णव साली तुम्ही मला ओळखलंच नव्हतं!"

मुजावर मॅडमनी उगाचच पडद्यावरचं चित्र मोठं केलं.

"माझे बाबा रडले होते!" आजी म्हणाली. "असा सरळ जावई म्हणून! अख्खा तालुका ती गोष्ट सांगतो! आणि तुम्हाला पत्ताच नव्हता, की फाउल कुणाला देताय!"

परतीच्या वाटेवर गाडी आपली आपण चालत होती, त्यामुळे कुणालाच रस्त्याकडे बघण्याचं निमित्त नव्हतं. आजी सगळा रस्ता शिवन्याशीच बोलत होती. "शिवू, विचार त्यांना, चहा घ्यायचाय का. आणि विचार, मी कोण ते आठवतंय का."

पहिला डोस झाला. आबांना सकाळी यंत्रात सरकवलं आणि दुपारी ते बाहेर येऊन "झालं? एवढंच?" म्हणत डब्यातली शेंगदाण्याची चटणी खात बसले. दवाखान्याने एक टोपी दिली. पातळ, राखाडी, कानटोपीसारखी. ती आतून बारीक प्रकाश सोडून मेंदूत कुठे किती रक्त वाहतंय ते बघायची आणि फोनवर रंगीत नकाशा दाखवायची. निळं म्हणजे कोरडं, केशरी म्हणजे भरपूर. रोज दोन तास टोपी घालायची आणि नकाशा मॅडमना पाठवायचा, हे काम शिवन्याचं. चेहऱ्यांच्या जागेला तिने नाव ठेवलं, 'टेल'.

तीन आठवडे टेल निळंच होतं. चौथ्या आठवड्यात एका सकाळी आबा टोपी घालून ओट्याशी वर्तमानपत्र वाचत होते. आजी अबोला धरूनच आली, बांगड्या वाजू न देता, आणि कप ठेवून उभी राहिली. आबांनी वर बघितलं. शिवन्याच्या हातातल्या फोनवर टेलमध्ये एक केशरी ठिपका उमटला.

"रंजना," आबा म्हणाले.

"मग कोण असणार? कलेक्टर?"

"अगं नाही... तू बोलली नाहीस. वाजली नाहीस. तरी मला कळलं." आबा उठून उभेच राहिले. तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिले. "तू अशी दिसतेस होय!"

आजीचा अबोला तीन आठवड्यांत पहिल्यांदा डळमळला. तिने नकळत केस कानामागे सारले. "अशी म्हणजे कशी?"

शिवन्या मनातल्या मनात ओरडली: आबा, छान म्हणा! नुसतं छान म्हणा!

पण आबा पडले पंच. जे दिसतं ते सांगायची सवय. "म्हणजे... नाक जरा डावीकडे आहे."

अबोला आणखी पक्का झाला.

बाकी आबांची नुसती धमाल चालली होती. रोज नवा शोध. दूध घालायला येणारा बाळू म्हणजे एक माणूस नसून दोन सख्खे भाऊ आहेत, हे त्यांना तेवीस वर्षांनी कळलं. एसटी स्टँडवर ज्या वर्गमित्राशी ते अकरा वर्षं रोज गप्पा मारायचे, तो वर्गमित्र नव्हताच. आबांनी त्याला तसं सांगितलं, तर तो म्हणाला, "मला पण शंका होती. पण तुम्ही इतक्या प्रेमाने 'काय रे शंक्या' म्हणायचात, की मोडवेना." गावातली माणसं मुद्दाम घरी येऊ लागली. "आबा, मी कोण सांगा!" म्हणून समोर बसायची, आणि शिवन्या फोनवरचा नकाशा दाखवून निकाल द्यायची. एकाला बघून टेल केशरी झालं, पण शेजारी दुसराच कुठला तरी भाग लालभडक झाला. तो सोसायटीचा चेअरमन होता. "आबा ओळखतात तुम्हाला," शिवन्या म्हणाली, "चांगलंच ओळखतात."

मजा इथवर होती.

सरावाच्या सामन्यानंतर आबा मैदानाच्या कडेला पायरीवर बसले होते. शिवन्या पाण्याची बाटली घेऊन आली तर शिट्टी गळ्यात नव्हती, मुठीत होती.

"शिवे, मघाशी ती आठवीतली हसरी पोरगी बसल्या जागेवरून खो मिळायच्या आधीच उठली. बघितलंस?"

"हो. तुम्ही फाउल दिलात की."

"दिला. पण शिट्टी अर्धा सेकंद उशिरा वाजली." आबा मुठीकडे बघत होते. "मला वाटलं, एवढी हसरी पोर, जाऊ दे. वाटलं, शिवे! बेचाळीस वर्षांत मला मैदानावर काही वाटलं नव्हतं. पाय दिसायचे, हात दिसायचे, रेषा दिसायची. आता मध्ये तोंडं येतात. एक गोड, एक रडवं, एक आपल्या साडूसारखं. मी पंच कसा राहू?"

"सवय होईल हो."

"आणि दुसरा डोस घेतला की टेलला आणखी पाणी. म्हणजे आणखी तोंडं." आबांनी शिट्टी खिशात टाकली. "नको. निम्मा बुजला तेवढा पुरे. मी पुण्याला येणार नाही."

त्या संध्याकाळी शिवन्याने मॅडमना व्हिडिओवर गाठलं. मॅडम सरळ म्हणाल्या, "निम्मा बांधलेला बंधारा हा बंधारा नसतो, बाळा. उरलेल्यातून पाणी वाहतंच आहे. तो फुटला तर शिट्टी, चेहरे, आबा, काहीच राहणार नाही. तारीख पुढे ढकलू नका."

तारीख होती मंगळवारची. चषकाचा अंतिम सामना रविवारचा, शिवन्याच्या शाळेचा दहिवडीशी. पंच आबा.

जेवताना शिवन्याने विषय काढला. आबांनी भाकरी मोडली, चावली, गिळली आणि मग निकाल दिला. "ठीक आहे. रविवारी बघू. अख्ख्या सामन्यात माझी शिट्टी सरळ वाजली, तर मंगळवारी पुण्याला येतो. एकदा जरी तोंड बघून वाजली, तर विषय बंद. तुझंसुद्धा तोंड असणार आहे तिथे."

"शिवू, त्यांना सांग," आजी आमटी वाढत म्हणाली, "यावं, न यावं, ज्याची त्याची मर्जी." पण आमटी ताटात न पडता पाटावर पडली.

म्हणजे आता सगळं शिवन्यावर. चषक जिंकायचा होताच, पण आबांना चेहरे दिसू द्यायचे नव्हते. शनिवारी रात्री तिच्या डोक्यात जी आयडिया आली, ती आली तेव्हा तिला स्वतःचाच इतका अभिमान वाटला, की तिने आरशात स्वतःला डोळा मारला.

रविवारी शिवन्याचा संघ मैदानात आला आणि लोक उभे राहिले. बाराच्या बारा मुलींनी तोंडाला मुलतानी माती थापली होती. आजीच्या डब्यातली, पूर्ण एक किलो. डोळे आणि ओठ सोडले तर सगळ्या सारख्याच करड्या.

"उन्हासाठी," शिवन्याने सांगितलं.

"शिवे, हे काय, सगळ्यांची हळद एकदम उरकताय का?" आबा म्हणाले. पण नियमांच्या पुस्तकात मातीबद्दल काही नव्हतं. आबांनी दोनदा बघितलं.

दहिवडीच्या मुली इतक्या हसत होत्या की त्यांचे पहिले दोन खो चुकले. पंधरा मिनिटं योजना झकास चालली. मग घाम आला. आणि घामाने मुलतानी मातीचं जे होतं, ते झालं. आधी कपाळावर नद्या, मग गालांवर ओघळ, मग एकेकीचा चेहरा असा वर यायला लागला, जसा उन्हाळ्यात धरणातून बुडालेला कळस वर येतो. शिवन्याचा सगळ्यात आधी, कारण ती सगळ्यात जास्त पळत होती. करड्या कळपात एकच चेहरा लख्ख, तो आबांच्या नातीचा. झाकायला जाऊन तिने तो चौकटीत लावून ठेवला होता.

शेवटचा डाव. शिवन्याचा संघ एका गुणाने पुढे. दहिवडीचं आक्रमण, चाळीस सेकंद बाकी, मैदानात शिवन्या आणि तिची मैत्रीण आफरीन. दहिवडीच्या प्रगती खरातने खांबाला वळसा घातला आणि सूर मारला. असा सूर, की प्रेक्षकांनी श्वास रोखला. शिवन्याने कंबर आत घेतली. प्रगतीचा पंजा तिच्या सदऱ्यापासून चार बोटांवरून गेला. वारा लागला, हात नाही.

शिट्टी वाजली.

आबांचा हात वर होता. बाद.

शिवन्या एक क्षण तिथेच थिजली. लागला नव्हता! पण पंचाशी वाद घालायचा नाही, हे तिला ज्यांनी शिकवलं होतं तेच समोर उभे होते. ती मान खाली घालून चालू लागली. गालावरच्या मातीत दोन नवे ओघळ तयार झाले. दहिवडीचे लोक नाचत होते. "वा आबा! नातीलासुद्धा सोडलं नाही! याला म्हणतात पंच!" कुणीतरी शहाण्णव सालची गोष्ट शेजाऱ्याला सांगायला सुरुवातही केली.

आणि आबा? शिवन्याने रेषेवरून मागे वळून बघितलं. आबांचा हात अजून वरच होता, पण ते हाताकडेच असे बघत होते, जसा तो दुसऱ्या कुणाचा आहे. त्यांनी बघितलं होतं. चार बोटांचं अंतर त्यांनी स्पष्ट बघितलं होतं. पण त्याच्या वर शिवीचं तोंड होतं, आणि त्यांना भीती वाटली, की आपण हिला सोडतोय. म्हणून हात वर गेला. तोंड बघूनच गेला. फक्त उलट्या बाजूने.

आता गप्प बसलं असतं तर काही बिघडत नव्हतं. उलट नवी गोष्ट तयार झाली असती, पुढची बेचाळीस वर्षं पुरणारी.

आबांनी परत शिट्टी वाजवली. लांब. वेळाधिकाऱ्याला घड्याळ थांबवायची खूण केली आणि मैदानाच्या मधोमध गेले.

"हात लागला नव्हता," ते म्हणाले. "शिवन्या भोईटे बाद नाही. चुकलं माझं."

मैदानावर आधी कुणाला कळलंच नाही. 'चुकलं माझं' हे शब्द भोईटे आबांच्या आवाजात फलटणने कधी ऐकले नव्हते. मग जो गोंधळ उसळला, तो बाजारपेठेपर्यंत गेला असेल.

"नात आहे म्हणून!"

"आबा, म्हातारपणी डाग लावून घेतलात!"

"कॅमेरे लावा, कॅमेरे!"

दहिवडीचे सर तावातावाने आत आले. "आबा, हे शोभतं का? तुमच्या नावावर आम्ही कॅमेऱ्याशिवाय खेळायला आलो!"

"शोभत नाही," आबा म्हणाले. कान लाल झाले होते, पण पाय खांबासारखेच रोवलेले. "पण लागला नव्हता. शिवे, आत ये. चाळीस सेकंद बाकी आहेत."

शिवन्या आत आली. आता ती वाऱ्यालाही अंगाला शिवू देणार नव्हती. आबांसाठी ती पळणार होती. ती पळाली. दहिवडीच्या दोघींना चकवलं, खांबाला गिरकी घेतली, डौलात मागे वळून आबांकडे बघितलं, आणि दोन्ही पाय मैदानाच्या रेषेबाहेर.

शिट्टी. अर्धा सेकंदसुद्धा उशीर नाही.

"बाद!" आबा गरजले, आणि त्या आवाजात इतका उघड आनंद होता, की शिवन्याला आधी राग आला आणि मग हसूच फुटलं. जीवदान अकरा सेकंद टिकलं होतं. चार सेकंद उरलेले असताना आफरीनही लागली. दहिवडी एका गुणाने जिंकली, आणि नातीला वाचवल्याची बोंब मारायला कुणाला तोंडच उरलं नाही.

हात धुताना नळावर प्रगती खरात शेजारी आली. "मला माहीत होतं गं, माझा हात लागला नव्हता."

"मग बोलली का नाहीस?"

"आमचे सर सांगतात, पंचांनी दिलं की गप बसायचं." तिने शिवन्याच्या तोंडाकडे बघितलं. "ती माती कुठली? मऊ झालाय चेहरा तुझा."

घरी आबा झोपाळ्यावर बसले. शिवन्याने त्यांच्या डोक्यावर टोपी चढवली, कारण त्या दिवसाचे दोन तास राहिले होते. आजी दारात मेथी निवडत होती.

"विषय बंद," आबा म्हणाले. "ठरलं होतं. शिट्टी तोंड बघून वाजली."

"पण तुम्ही सुधारलंत!"

"सुधारायची वेळ आली म्हणजे चुकलोच. बेचाळीस वर्षांत कधी चुकलो नव्हतो."

"दोन," आजी म्हणाली.

ती शिवन्याशी नाही, थेट आबांशी बोलली होती. नाकाच्या त्या सकाळनंतर पहिल्यांदा.

"काय दोन?"

"शहाण्णव साली. तुम्ही तीन फाउल दिलेत. त्यातले दोन चूक होते." आजीने मेथीची एक काडी मोडली. "पहिला बरोबर, मी दिशा बदलली होती. दुसऱ्या वेळी मी खो मिळाल्यावरच उठले होते. आणि तिसऱ्या वेळी मधली रेषा मी नाही, आमच्यातल्या सुमनने ओलांडली होती. तुम्हाला आम्ही दोघी सारख्याच दिसत होतो ना. आता कळलं."

झोपाळा थांबला.

"बेचाळीस वर्षं माहीत होतं तुला?"

"पंचाशी वाद घालायचा नसतो."

आबांचा चेहरा असा झाला, की शिवन्याला टोपीच्या नकाशाची गरजच उरली नाही. "म्हणजे मी तोंड न बघतासुद्धा चुकत होतो," ते हळूच म्हणाले.

"आज निदान कळलं तरी, चुकलात ते. डोळे उघडे होते म्हणून."

मग आबांना काहीतरी सुचलं. त्यांनी भुवया आवळल्या. "थांब. मी सरळ नव्हतो, नुसता आंधळा होतो. त्यातून दोन फाउल चुकीचे. आणि ते तुला त्याच दिवशी माहीत होतं. मग ठरलेलं लग्न मोडलं का नाहीस?"

आजीने मेथीत मान घातली.

"आजी!" शिवन्या ओरडली. "सांग ना!"

"काय सांगायचं त्यात," आजी पुटपुटली. नाक डावीकडे असलेला तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. "मैदानात उभे होते, शिट्टी तोंडात, ऊन डोळ्यांवर... चेहरा आवडला. बस."

आबा बघतच राहिले. "मंगळवारी पहाटेच निघू," ते नजर न हलवता म्हणाले. फोनवर टेल आधी केशरी झालं, मग शेजारचं शेत, मग त्याच्या शेजारचं, आणि शिवन्याने घाईघाईने त्याचा फोटो काढून मुजावर मॅडमना पाठवला. खाली लिहिलं: मंगळवारी येतोय. पाणी सोडा.